‘सगळ्या टेस्ट’ लिहून देण्याआधी मी तारखा का विचारते

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारीचं वय २६. चार महिन्यांपासून एका मित्राशी संबंध आहेत. त्याआधी दोघांचेही वेगळे जोडीदार होते. सुरुवातीला कंडोम वापरला, मग तो सुटला. त्यानंतर तीनदा ‘दुसऱ्या दिवशीची गोळी’ घेऊन झाली. शेवटचा कंडोमशिवायचा संबंध नऊ दिवसांपूर्वीचा, गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली, आणि परवा थोडं रक्त गेलं. ती पाळी धरायची का? मित्राचं म्हणणं, ‘मला काही त्रास नाही, मग टेस्ट कशाला?’ आणि शेवटी: सगळ्या टेस्ट म्हणजे नेमक्या कोणत्या, आणि पुढे काय वापरायचं?

आधी दिवस राहिलेत का ते बघू, कारण त्याला थांबायला वेळ नसतो.

परवाचं रक्त पाळी म्हणून धरू नका. त्या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचं संप्रेरक १.५ मिलिग्रॅम असतं. एवढा मोठा डोस एकदम पोटात गेल्यावर पुढच्या आठवडाभरात मध्येच थोडं रक्त जाणं नेहमीचं आहे. त्यावरून गोळी लागू पडली असंही म्हणता येत नाही आणि फसली असंही नाही. खरी पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते. शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजा आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर प्रेग्नन्सी किट वापरा. म्हणजे आजपासून १२ दिवसांनी. त्याआधीची निगेटिव्ह पट्टी या संबंधाबद्दल काहीच सांगत नाही. पण आधीच्या दोन वेळांना तीन आठवडे उलटून गेले असतील, तर त्यांचा निकाल आजच लागू शकतो, म्हणून एक पट्टी आज केलीत तर ती वाया जाणार नाही. पॉझिटिव्ह आली आणि ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि त्यात थांबणं जिवावर बेततं.

आता त्या गोळीबद्दल, कारण तीनदा घेऊनही ती कशी काम करते हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ती बीजांडाचं बाहेर पडणं काही दिवस पुढे ढकलते. बस, एवढंच. बीजांड सुटून गेलं असेल किंवा अगदी सुटण्याच्या बेतात असेल, तर तिचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून ७२ तासांची मुदत असली तरी पहिल्या २४ तासांत घेतलेली बरी. आणि बीजांड नुसतं पुढे गेलंय, म्हणजे ते यायचं अजून बाकी आहे. गोळी घेतल्यानंतर चार-पाच दिवसांनी पुन्हा कंडोमशिवाय संबंध आला, तर तो नेमका धोक्याच्या दिवसांत पडू शकतो. गोळी मागच्या संबंधासाठी असते, पुढच्यासाठी नसते. महिन्यातून दोनदा गोळी लागलेल्या मुलींमध्ये बऱ्याचदा हाच घोळ झालेला असतो.

गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. वजन ७० किलोच्या वर असेल तर तिचा परिणाम कमी होतो. युलिप्रिस्टल ३० मिलिग्रॅमची दुसरी गोळी असते. ती १२० तासांपर्यंत चालते आणि बीजांड सुटायच्या जवळच्या दिवसांतही काम करते. मात्र ती घेतल्यावर पाच दिवस दुसरी कोणतीही हार्मोनची गोळी सुरू करायची नसते. सगळ्यात खात्रीचा उपाय बहुतेकींना माहीतच नसतो: पाच दिवसांच्या आत तांबी, म्हणजे कॉपर टी, बसवून घेणे. त्यानंतर शंभरात एकीलाही दिवस राहत नाहीत, शिवाय पुढची कित्येक वर्षं ती तशीच काम करत राहते. तुमचे नऊ दिवस झालेत, त्यामुळे यावेळी तो मार्ग बंद झाला. पुढच्या वेळी लक्षात असू द्या.

तीनदा गोळी घेतल्याने मूल होणार नाही, गर्भपिशवी खराब होते, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. राहिलेला गर्भ ती पाडतही नाही. तिची अडचण वेगळी आहे: पाळीचं वेळापत्रक विस्कटतं, आणि रोजच्या साधनाइतकी खात्री तिच्यात नाही.

आता मित्राचं ‘मला काही त्रास नाही’.

क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना आणि साधारण निम्म्या पुरुषांना काहीच जाणवत नाही. सिफिलिसची, म्हणजे जुन्या लोकांच्या गरमीची, पहिली जखम दुखत नाही आणि औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत भरूनही येते. बायकांमध्ये ती आत गर्भाशयाच्या मुखावर असली तर दिसतच नाही. एचआयव्ही वर्षानुवर्षं गप्प बसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की १५ ते ४९ वयाच्या लोकांमध्ये औषधाने पूर्ण बरे होणारे लैंगिक संसर्गच रोज १० लाखांहून अधिक नव्याने होतात, आणि त्यातल्या बहुतेकांना लक्षणं नसतात. तुमचा मित्र खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याला त्रास नसेलच. त्यावरून त्याला संसर्ग नाही हे ठरत नाही, इतकंच.

तुमच्या प्रश्नातला खरा भाग यापुढे सुरू होतो. माझ्याकडे कुणी ‘सगळ्या टेस्ट लिहून द्या’ म्हणत आलं की मी आधी तारखा विचारते. संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जावा लागतो, आणि प्रत्येक रोगाचा हा काळ वेगळा असतो. क्लॅमिडिया आणि गोनोरिया, म्हणजे परमा, यांची चाचणी संबंधानंतर दोन आठवड्यांनी भरवशाची होते. एचआयव्हीची हाताच्या शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची, म्हणजे विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी, चाचणी ४५ दिवसांनी पक्की धरतात; बोटाला टोचून केलेल्या झटपट चाचणीला ९० दिवस द्यावे लागतात. सिफिलिस आणि कावीळ-बी यांना १२ आठवडे. संबंधानंतर चौथ्या दिवशी घाबरून सगळ्या तपासण्या करून ‘सगळं निगेटिव्ह’ म्हणून निर्धास्त झालेली माणसं मी नेहमी बघते. त्या कागदावर त्या रात्रीबद्दल एक अक्षरही नसतं. तो कागद त्याआधीच्या आयुष्याबद्दल असतो.

मग तुम्ही आणखी बारा आठवडे थांबायचं का? नाही, आणि इथे जरा नीट बघा. तुम्ही दोघं चार महिने फक्त एकमेकांबरोबर आहात असं मी धरून चालते. मग दोघांचाही काळ मोजायचा तो एकमेकांपासून नाही, याआधीच्या जोडीदाराबरोबरच्या शेवटच्या संबंधापासून. त्याला दोघांच्याही बाबतीत १२ आठवडे होऊन गेलेत. त्यामुळे तुम्ही दोघांनी याच आठवड्यात चाचण्या केल्या आणि दोघांच्याही निगेटिव्ह आल्या, तर तो निकाल शेवटचा. नऊ दिवसांपूर्वीच्या संबंधाने त्यात फरक पडत नाही, कारण ज्याच्याकडे संसर्गच नाही तो तुम्हाला काय देणार?

मात्र फक्त तुम्ही तपासलंत आणि त्याने नाही, तर हे सगळं गणित कोसळतं. तुमचा काळ दर संबंधागणिक नव्याने सुरू होतो आणि तुमची निगेटिव्ह चाचणी कायम काही आठवडे शिळी राहते. दोघांनी एकदम जाण्याचा आग्रह मी धरते तो एवढ्यासाठीच. दोघांपैकी कुणाचं मधल्या काळात आणखी कुठे काही घडलं असेल, तर ते एकमेकांना सांगणं जमो न जमो, डॉक्टरला खरी तारीख सांगा. आम्हाला नाव नको असतं.

कोणत्या चाचण्या? तुमच्या वयात, काही लक्षण नसताना: रक्तातून एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ-बी, आणि स्वॅब किंवा लघवीतून क्लॅमिडिया, गोनोरिया, शक्य असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी. कावीळ-सी लैंगिक संबंधातून क्वचितच पसरते. पण इंजेक्शनची सुई कधी कुणाबरोबर वाटून घेतली असेल तर तीही करा. रक्ताच्या बाटलीतून क्लॅमिडिया-गोनोरियाचं निदान होत नाही. क्लॅमिडियाच्या अँटिबॉडीची रक्तचाचणी मिळते, पण ती कधीकाळी गाठ पडली होती का एवढंच सांगते, आत्ता संसर्ग आहे का ते नाही. ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये लैंगिक आजारांचा कोपरा असतो, त्यात नेमका हा स्वॅब नसतो, आणि लोकांना वाटतं आपलं सगळं झालं.

नको असलेल्या चाचण्याही सांगते. अंगावर फोड नसताना हर्पीसची रक्तचाचणी करू नका. तोंडाला ‘जर’, म्हणजे ओठांवरचे फोड, आणणारा विषाणूही याच घराण्यातला आहे, असंख्य लोकांच्या रक्तात त्याच्या खुणा सापडतात, आणि तो कागद हातात घेऊन माणसं विनाकारण झोप घालवतात. फोड आला तर मात्र तो ताजा असताना त्यावरच स्वॅब फिरवून घ्या. दोन-तीन दिवसांत तो सुकला की संधी गेली. लक्षण नसताना युरिआप्लाझ्मा नावाचा जंतूही शोधू नका, तो बऱ्याच निरोगी लोकांत नुसता राहत असतो. टॉर्च नावाची तपासणी पोटातल्या बाळाला बाधणाऱ्या संसर्गांची असते, लैंगिक आजारांची नाही, तरी ती का कोण जाणे सर्रास लिहून दिली जाते.

नमुना कसा द्यायचा हे कुणी सांगत नाही, आणि निम्मी गडबड तिथे होते. पुरुषाला लघवी द्यायची असते ती सुरुवातीची. किमान तासभर आधी लघवी केलेली नसावी, आधी धुवायचं नाही, आणि पहिल्या धारेचे २०-३० मिलिलिटरच डबीत घ्यायचे. मूत्रमार्गात चिकटलेले जंतू त्या पहिल्या धारेबरोबर बाहेर येतात. लघवीच्या नेहमीच्या कल्चरसाठी मधली धार सांगितलेली असते, ती सवय लोकांच्या अंगात इतकी मुरलेली आहे की सांगूनही ते मधलीच घेतात आणि डबी गळ्यापर्यंत भरून आणतात. बायकांसाठी लघवीपेक्षा योनीतला स्वॅब जास्त भरवशाचा, आणि तो स्वतः घेतला तरी डॉक्टरने घेतल्याइतकाच चांगला निघतो. एक पाय स्टुलावर ठेवून उभ्या राहा, काडीचं टोक कुठेही न टेकवता साधारण दोन इंच आत घाला, भिंतींना लागेल अशी १५ ते ३० सेकंद गोल फिरवा. मग नळीतलं द्रव न सांडता काडी आत सोडा, खुणेवर मोडा आणि झाकण घट्ट लावा. दुखत नाही. मुखमैथुन किंवा गुदमैथुन होत असेल तर घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब वेगळा लागतो, कारण तिथला संसर्ग लघवीत दिसत नाही. हे सांगायला लाज वाटते मला माहीत आहे. ‘जिथे जिथे संबंध येतो तिथला नमुना घ्या’ एवढं वाक्य पुरतं.

निकाल वाचताना तीन ठिकाणी लोक हमखास अडकतात. व्हीडीआरएल ही सिफिलिसची पहिली रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे सिफिलिस झालाच असं नसतं. गरोदरपण, काही संधिवातासारखे आजार, इतर ताप यांतही ती खोटी पॉझिटिव्ह येते. टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी, जास्त नेमकी रक्तचाचणी करून खात्री करतात. उलट टीपीएचए एकदा पॉझिटिव्ह झाली की बरं झाल्यावरही बहुतेकांची जन्मभर तशीच राहते. तेव्हा उपचार लागू पडले का ते व्हीडीआरएलचा आकडा किती उतरला यावरून बघतात, टीपीएचए पुन्हा पुन्हा करून नाही. एचआयव्हीची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या पद्धतीने पक्की होईपर्यंत कुणालाही, अगदी स्वतःलाही, निकाल सांगू नका. आणि तुमच्यापैकी एकाला क्लॅमिडिया निघाला तर लगेच ‘तू कुठे गेला होतास’ सुरू करू नका. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त, शरीरात गुपचूप राहतो. कुणाकडून आला हे चाचणी सांगू शकत नाही.

निघालाच तर उपचार सोपे आहेत. क्लॅमिडियाला डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सात दिवस. दिवस राहिले असतील तर ही गोळी चालत नाही, दुसरी देतात. गोनोरियाला सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन लागतं, कारण जुन्या बऱ्याच गोळ्यांना तो आता दाद देत नाही. सुरुवातीच्या सिफिलिसला पेनिसिलिनचं एक मोठं इंजेक्शन. दोघांनी एकाच वेळी घ्यायचं आणि दोघांचेही उपचार पूर्ण होऊन सात दिवस जाईपर्यंत संबंध नाही, कंडोम लावूनही नाही. एकट्याने घेतलं की तोच जंतू दोघांत चेंडूसारखा फिरत राहतो. मेलेल्या जंतूंचा अंश काही आठवडे चाचणीत दिसतो, त्यामुळे क्लॅमिडियाची ‘बरं झालं का’ म्हणून लगेच पंधराव्या दिवशी पुन्हा तपासणी करू नका. तीन महिन्यांनी करा, तेव्हा नव्याने झालेला संसर्गही सापडतो. औषधाच्या दुकानातून तीन-चार गोळ्यांचं एकत्र पाकीट स्वतःच्या मनाने घेऊ नका. अर्धवट औषधाने लक्षणं दबतात आणि चाचणी बिघडते. आणि औषध टाळण्याची किंमत बायकांना जास्त मोजावी लागते. दाबून ठेवलेला क्लॅमिडिया गर्भनलिकांपर्यंत चढतो आणि पुढे मूल राहत नाही तेव्हा कळतो. ताप, ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी आत दुखणं एकत्र आलं तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

अंगावरून पांढरं जाण्याचा तुम्ही उल्लेख केलेला नाही, पण बाकीच्या वाचणाऱ्या विचारतीलच. महिन्याच्या मध्याला पारदर्शक, तार धरणारं जातं ते निरोगीपणाचं. दह्यासारखं घट्ट आणि खाज सुटणारं असेल तर बहुधा बुरशी. माशासारखा वास असेल तर आतल्या जंतूंचा समतोल बिघडलेला. हे दोन्ही मुळात लैंगिक आजार नाहीत. योनी आतून साबणाने किंवा ‘वॉश’ने धुतल्याने दुसरा प्रकार वाढतो. बाहेरून पाण्याने धुवा, आत काही घालू नका.

आता पुढे काय वापरायचं.

आधी आकडे बघा, एका वर्षात शंभर जोडप्यांमागे किती जणींना दिवस राहतात त्याचे, आणि माणसं प्रत्यक्षात जसं वापरतात तसे. काहीच न वापरता ८५. वेळेवर बाहेर काढण्याने २०. कंडोमने १३. रोजच्या गोळीने ७. तीन महिन्यांच्या इंजेक्शनने ४. तांबी, हार्मोनची तांबी आणि दंडात बसवायची कांडी यांनी एकाहून कमी. अगदी काटेकोर वापरलं तर कंडोमचा आकडा २ वर येतो आणि गोळीचा एकाच्याही खाली जातो. १३ आणि २, ७ आणि १ यांमधलं हे अंतर म्हणजे आपलं विसरणं, कंटाळणं, प्रवास, भांडण. तांबीला तुमच्या आठवणीची गरजच नाही. तीनदा आपत्कालीन गोळी घ्यावी लागलेल्या मुलीला मी आधी तांबीबद्दल का बोलते, ते यावरून कळेल.

‘मूल झाल्याशिवाय तांबी बसवत नाहीत’ हे अजूनही काही डॉक्टरांच्या तोंडून ऐकू येतं. मूल न झालेल्या बाईला ती बसवता येते. ३८०-ए प्रकारची १० वर्षं चालते, काढली की पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. बसवताना काही मिनिटं चांगली कळ येते. ‘थोडंसं टोचेल’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, आधी वेदनाशामक मागून घ्या. पहिले काही महिने रक्त जास्त जातं, पोट जास्त दुखतं. तुमची पाळी आधीच भरपूर असेल, रक्त कमी असेल, तर तांब्याची घेऊ नका. हार्मोनची घ्या, तिने रक्त कमी होतं, काहींची पाळी जवळजवळ थांबते आणि त्याने बिघडत काही नाही. शंभरात पाच-एक जणींची तांबी पुढच्या काही वर्षांत आपोआप सरकते किंवा पडते, म्हणून गर्भाशयमुखाबाहेर राहणारा तिचा दोरा मधूनमधून बोटाने चाचपायचा. गर्भपिशवीला भोक पडणं हजारात एक-दोन इतकं दुर्मीळ. आणि आधीच्या सगळ्या चर्चेशी हिचा संबंध असा: गर्भाशयमुखाशी क्लॅमिडिया असताना बसवली तर पहिल्या तीन आठवड्यांत तो वर जाण्याची भीती थोडी वाढते. म्हणून स्वॅब आधी. तुमच्या बाबतीत क्रम असा पडेल: स्वॅब आता, २१ व्या दिवसाची पट्टी निगेटिव्ह आली की तांबी.

तोवर, किंवा तांबी नकोच असेल तर, गोळी आजही सुरू करता येते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलनंतर थांबावं लागत नाही. पहिले सात दिवस कंडोम, आणि २१ व्या दिवसाची पट्टी करायचीच. पण आधी मला उत्तरं द्या: डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे झिगझॅग रेघा किंवा चमकते ठिपके येतात का? रक्तदाब? पायात कधी गुठळी झाली होती? सिगारेट, आणि वय ३५ च्या पुढे? यांपैकी काही असेल तर दोन हार्मोनची नेहमीची गोळी तुमच्यासाठी नाही, पक्षाघाताचा किंवा गुठळीचा धोका वाढतो. एकाच हार्मोनचे पर्याय मिळतात.

गोळी विसरली तर: एकच विसरली असेल तर आठवल्याबरोबर घ्या, दिवसात दोन झाल्या तरी चालतं. सलग दोन किंवा अधिक राहिल्या तर शेवटची विसरलेली तेवढी घ्या, पुढच्या नेहमीप्रमाणे चालू ठेवा आणि सात दिवस कंडोम वापरा. लोकांना पाकिटाच्या मधली गोळी चुकली की धसका बसतो. खरा धोका नवं पाकीट उशिरा सुरू करण्यात असतो, कारण सात दिवसांच्या सुट्टीत बीजकोश जागे व्हायला लागलेलेच असतात आणि तुम्ही ती सुट्टी वाढवून देता. साध्या अँटिबायोटिकने गोळी निकामी होत नाही. टीबीवरच्या रिफॅम्पिसिनने आणि फिटच्या कार्बामॅझेपिन, फेनिटॉइनसारख्या औषधांनी होते.

इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा. सोपं आहे, फक्त बंद केल्यावर पाळी आणि मूल राहणं मार्गावर यायला बरेच महिने लागू शकतात, म्हणून वर्षभरात मूल हवं असणाऱ्यांना मी देत नाही. ‘सुरक्षित दिवस’ मोजण्याचं तुमच्यासाठी नावच नको. तीन गोळ्यांनी तुमचं चक्र इतकं हललंय की मोजायला काही शिल्लक नाही.

यातलं काहीही निवडलंत तरी संसर्गापासून वाचवतो तो कंडोमच, आणि दोघांचे निकाल हाती येईपर्यंत तो हवा. तो फाटण्यापेक्षा जास्त वेळा उशिरा लावला जातो: आधी थोडा वेळ तसंच, मग शेवटी कंडोम. स्पर्श होण्याआधी लावा. पाकीट दातांनी फोडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, उलटा लागला तर पुन्हा सरळ करून वापरू नका, दुसरा घ्या. तेल, व्हॅसलिन, लोशनने लॅटेक्स काही मिनिटांतच कमजोर होतं. कोरडं वाटत असेल तर पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण घ्या. एकावर एक दोन लावू नका. वीर्यपतनानंतर ताठरपणा जायच्या आत बुडाशी धरून बाहेर काढा. महिनोन्‌महिने पाकिटात किंवा गाडीत तापलेला कंडोम तारीख शिल्लक असली तरी फेकून द्या. हर्पीस आणि एचपीव्ही मात्र त्वचेच्या उघड्या भागातूनही लागतात, तिथे कंडोम निम्मंच काम करतो.

एचपीव्हीसाठी लस आहे. गर्भाशयमुखाचा जवळजवळ प्रत्येक कॅन्सर याच विषाणूमुळे होतो. हे नातं शोधल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. पहिल्या संबंधाआधी घेतली तर उत्तम, पण २६ व्या वर्षीही घेण्याजोगी आहे, तेव्हा लांबवू नका. कावीळ-बीची लस झालेली नसेल तर तीही: ०, १ आणि ६ महिन्यांना. लस घेतली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी चुकवायची नाही.

अनोळखी किंवा एचआयव्ही असण्याची शक्यता असलेल्या व्यक्तीबरोबर कंडोमशिवाय संबंध आला, कंडोम फाटला, किंवा बळजबरी झाली, तर ७२ तासांच्या आत औषधं सुरू करून २८ दिवस घेतली तर एचआयव्ही बहुतेक वेळा रोखता येतो. जितक्या लवकर तितकं बरं, रात्री दोनलाही आपत्कालीन विभागात जा. आणि ज्याला एचआयव्ही आहे, पण नियमित औषधांनी रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली ठेवलेला आहे, त्याच्याकडून संबंधातून तो लागत नाही. हे मोठ्या अभ्यासांतून पक्कं झालंय. तरी अशा जोडप्यांना अजून उगाच घाबरवलं जातं.

मित्राला कसं सांगायचं? ‘तुझ्यावर विश्वास नाही’ या दिशेने बोलणं गेलं की संपलं. ‘माझी अपॉइंटमेंट मंगळवारी आहे, तुझीही घेतली आहे, तुला फक्त लघवी आणि थोडं रक्त द्यायचंय’ असं सांगा. बऱ्याच मुलांना वाटतं लिंगात काडी घालतात. तसं काही नाही कळलं की निम्मा विरोध मावळतो. तरीही नाहीच म्हणाला, तर प्रत्येक वेळी कंडोम आणि दर तीन महिन्यांनी तुमची स्वतःची तपासणी.

तो मुद्दाम कंडोम काढून टाकत असेल, गोळ्या लपवत किंवा फेकत असेल, तर तपासणीच्या खोलीत एकट्या आत या आणि डॉक्टरला हे सरळ सांगा. अशा वेळी आम्ही इंजेक्शन सुचवतो, त्याची घरात काही खूण राहत नाही. तांबी हवी असेल तर बसवतानाच तिचा दोरा गर्भाशयमुखाशी आखूड कापता येतो, म्हणजे संबंधाच्या वेळी त्याला तो लागत नाही. मग स्वतःला दोरा चाचपता येणार नाही, त्यामुळे जागेवर आहे की नाही ते सोनोग्राफीत बघायचं.